रिव्हेटचं जहाज

आमच्या नेरुळच्या घरात ओट्याखाली लोखंडाचा एक तुकडा असतो. वीतभर लांब, तेवढाच रुंद, जाडी अंगठ्याइतकी. वजन आठ किलोला थोडं कमी. एका कडेला दोन गोल भोकं आहेत, बोट आत जाईल एवढी. आई त्यावर नारळ फोडते. मसाला कुटायचा असला की खलबत्त्याखाली तोच ठेवते, म्हणजे फरशीला तडा जात नाही. माझ्या जन्माच्या वर्षी, 1980 साली, बाबांनी तो दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या जुनी जहाजं तोडायच्या गोदीतून आणला. कळंबोलीच्या सिडकोच्या घरातून नेरुळला आलो तेव्हा कितीतरी सामान आम्ही टाकून दिलं. हा तुकडा मात्र आईने स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आणला.

बाबा अठराव्या वर्षी रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि तिथून चालतच दारूखान्यात गेले. गावातला एक जण तिथे गॅस कटर होता, त्याच्या हाताखाली लागले. उधाणाच्या भरतीला जहाज जमेल तेवढं वर ओढून घ्यायचं आणि ओहोटीला ते चिखलात बसलं की कटिंग सुरू करायचं. आधी फर्निचर, भांडी, पितळी सामान, तांब्याच्या केबल बाहेर काढायच्या. मग वरून खाली एकेक प्लेट उतरवायची. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत. लहानपणी मी ते मोजायला बसायची आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा यायचा.

त्या भोकांचा अर्थ बाबांनीच मला सांगितला. जुन्या काळी जहाजाच्या प्लेटा एकमेकींवर चढवून, भोकं पाडून, लालबुंद तापवलेले रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकून जोडत. दुसऱ्या महायुद्धापासून वेल्डिंग आलं आणि हळूहळू रिव्हेट मागे पडले. वेल्डिंगच्या जहाजाची प्लेट सलग निघते. रोलिंग मिलवाला ती पट्ट्यांत कापतो, तापवतो आणि थेट सळई काढतो. रिव्हेटच्या प्लेटची कड मात्र कापून टाकावी लागते, ती मेल्टिंगच्या ढिगात जाते आणि भाव पडतो. "रिव्हेटचं जहाज म्हणजे म्हातारं जहाज," बाबा म्हणतात. गोदीत असं जहाज लागलं की मालक कपाळाला हात लावायचे.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गाला अर्धायुष्य शिकवताना दरवर्षी कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचं उदाहरण घेते, कारण तो आमचा शेजारीच आहे. वाशीत 2000 सालापासून मसाल्याचे पदार्थ किरणांनी निर्जंतुक करणारं केंद्र आहे आणि तिथे कोबाल्ट-60 वापरतात. मिरची-हळदीशी नातं सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. आज जेवढा आहे त्याच्या निम्मा सव्वापाच वर्षांनी उरेल आणि त्याच्या निम्मा आणखी सव्वापाच वर्षांनी. याच धड्याची तयारी करताना काही वर्षांपूर्वी मला जुन्या पोलादाची गोष्ट सापडली, आणि तेव्हापासून ओट्याखालच्या त्या तुकड्याकडे मला पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

पोलाद करायला हवा लागते, आणि ती भरपूर लागते. झोतभट्टीत खालून गरम हवेचा झोत सोडतात. एक टन लोखंड निघेपर्यंत टनाहून जास्त वजनाची हवा भट्टीतून जाते. पुढे त्या लोखंडातला जादा कार्बन जाळायला पूर्वी पुन्हा हवाच फुंकत, आता हवेतून वेगळा काढलेला ऑक्सिजन फुंकतात. त्यामुळे भट्टी ज्या दिवशी चालली त्या दिवशीच्या हवेत जे काही असेल त्यातलं थोडं पोलादात उतरतं आणि तिथेच राहतं.

16 जुलै 1945 च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. महिनाभराच्या आत हिरोशिमा आणि नागासाकी. त्यानंतर 1980 पर्यंत निरनिराळ्या देशांनी उघड्या हवेत पाचशेहून अधिक चाचण्या केल्या. त्या ढगांतली किरणोत्सारी धूळ कुठल्याही एका देशावर थांबली नाही. ती ओर्कनीच्या बेटांवर पडली, आमच्या रेवसच्या भातखाचरांवरही पडली, आणि जगातल्या प्रत्येक पोलाद कारखान्याने ती हवेबरोबर आत ओढली. शिवाय काही कारखाने भट्टीच्या आतल्या विटा किती झिजल्या ते कळावं म्हणून त्या विटांत कोबाल्ट-60 चे कण मुद्दाम बसवत. वीट झिजली की तेही लोखंडात मिसळे.

पुलाला, तव्याला, सळईला याने काही बिघडत नाही. प्रमाण फार सूक्ष्म असतं. अडचण होते ती किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची. माणसाच्या अंगात चुकून काही किरणोत्सारी द्रव्य गेलं आहे का, हे तपासायला होल बॉडी काउंटर नावाचं यंत्र असतं. आमच्या समोरच, खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात, अशा तपासणीसाठी जाड पोलादी भिंतींची खोली आहे. बाहेरचे किरण अडवायला त्या भिंती. आता आपल्या अंगातल्या नैसर्गिक पोटॅशियमचेच दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. त्या गलबल्यात एखादी परकी कुजबुज ऐकायची, तर निदान भिंतींनी तरी गप्प राहायला हवं. म्हणून जगभर अशा खोल्यांसाठी 1945 च्या आधीचं पोलाद शोधलं गेलं. आणि जुनं, जाड, हजारो टनांनी एका जागी पडलेलं पोलाद म्हणजे बुडालेल्या युद्धनौका.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी तुकडा ओट्याखालून काढून बाबांसमोर ठेवला. म्हटलं, "बाबा, तुमच्या रिव्हेटच्या जहाजाला भाव नव्हता ना? जगात असेही लोक आहेत, ज्यांना फक्त तेच हवं होतं." आणि सगळं सांगितलं. बाबांनी नीट ऐकलं. कौतुकाने हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "त्या बुडालेल्या जहाजांत माणसं होती का गं?"

मला सांगता येईना. मी पोलादाचं वय बघितलं होतं, जहाजातली माणसं बघितली नव्हती. पुढचे कितीतरी दिवस मी वाचत गेले ते बाबांच्या या एका प्रश्नासाठी.

सगळ्यात प्रसिद्ध जागा स्कापा फ्लो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ओर्कनी बेटांनी वेढलेलं मोठं नैसर्गिक बंदर. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराच्या 74 नौका तिथे अडकवून ठेवल्या होत्या. त्या ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून 21 जून 1919 ला जर्मन ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर याने त्या बुडवायची खूण दिली. खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि होड्यांत उतरले. काही तासांत 52 नौका तळाला गेल्या. त्या दिवशी स्ट्रॉमनेस गावची शाळेची मुलं एका बोटीतून हे आरमार बघायला निघाली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत लढाऊ जहाजं कलंडली, उलटली आणि पाण्याखाली गेली. मी दरवर्षी मुलांना सहलीला नेते. त्या बोटीवरच्या मास्तरांनी मुलांना काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवशी ब्रिटिशांच्या गोळीबारात नऊ जर्मन खलाशी मारले गेले. पण जहाजं बुडाली ती रिकामी. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हणजे पुढचं ऐकायला ते तयार होते.

पुढचं त्यांना फारच आवडलं. अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्याने 1924 साली ही बुडालेली जहाजं ब्रिटिश आरमाराकडून विकत घेतली. त्याआधी त्याने एक होडीही वर काढलेली नव्हती. आधी विनाशिका उचलल्या, मग मोठ्या युद्धनौकांना हात घातला. पाणबुडे खाली जाऊन भोकं बुजवत, मग आत दाबाने हवा भरत, की जहाज फुग्यासारखं वर येई. 'मोल्टके' नावाची युद्धनौका उलटीच वर आली. 1928 साली कॉक्सने ती तशीच, तळ आकाशाकडे करून, ओढत दक्षिणेला रोसाइथच्या गोदीत नेली. "उलटं जहाज ओढलं?" बाबांनी मला हे तीनदा विचारलं. भरतीला सरळ जहाज चिखलात चढवतानाही किती माणसांचे जीव टांगणीला लागतात, हे त्यांना ठाऊक होतं.

कॉक्सच्या वेळी त्या पोलादाला फक्त भंगाराचा भाव होता. पण सगळी जहाजं निघाली नव्हती. उरलेल्यांतले तुकडे पुढे कित्येक वर्षं निघत राहिले, आणि 1945 नंतर त्यांची किंमत वेगळी झाली. 'क्योनिग', 'मार्कग्राफ', 'क्रोनप्रिन्स विल्हेल्म' या तीन युद्धनौका आणि चार क्रूझर आजही तिथे तळाशी आहेत. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. हे पोलाद नेहमीच्या भट्टीत दुसऱ्या भंगाराबरोबर टाकलं की त्याचं सोवळं संपलं. नवी हवा, नवं भंगार, सगळं एकात एक. ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांनी प्लेटा कापून, घासून, तशाच उभ्या केल्या. बाबांच्या भाषेत, रोलिंगलाही नाही आणि मेल्टिंगलाही नाही.

स्कापा फ्लोचं ऐकून झाल्यावर बाबांनी मला त्यांचा नियम सांगितला. आयुष्यभर त्यांनी तो पाळला, पण बोलून दाखवला नव्हता. ते म्हणाले, "जे जहाज आपल्या पायाने किनाऱ्याला आलं, ते कापायचं. त्याचं काम झालेलं असतं. जे माणसांसकट गेलं, त्याला हात लावायचा नाही." आणि मग थोडं थांबून, "मामा रामदासमध्ये गेला ना."

'रामदास' बोटीचं नाव रायगडच्या किनाऱ्यावर अजून आवाज खाली करूनच घेतात. 17 जुलै 1947. गटारी अमावस्या, धुवाधार पाऊस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सणासाठी गावी जाणाऱ्या माणसांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ लाटेने उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. त्यात आजीचा थोरला भाऊ होता, गिरणीतला कामगार. त्याचं शरीर मिळालं नाही. आजीच्या माहेरी पुढे कितीतरी महिने मासा शिजला नाही. आजी शेवटपर्यंत पापलेट खात नसे आणि कुणी आग्रह केला तर उठून जात असे.

'रामदास' 1936 साली ब्रिटनमध्ये बांधलेली. म्हणजे रिव्हेटची, असं बाबा म्हणाले. म्हणजे माझ्या हिशेबात स्वच्छ पोलादाची. हा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला आणि मला स्वतःचाच धक्का बसला.

बाबांचा नियम हातात घेऊन मी पुढचं वाचत गेले. 10 डिसेंबर 1941 ला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ बुडवल्या. 840 माणसं गेली. फेब्रुवारी 1942 मध्ये जावा समुद्रातल्या लढाईत 'डी रॉयटर', 'जावा' आणि 'कोर्टेनार' ही डच जहाजं शेकडो खलाशांसह बुडाली. लढाईला 75 वर्षं होणार म्हणून 2016 साली पाणबुडे तिथे श्रद्धांजलीच्या तयारीला उतरले, तर 'डी रॉयटर' आणि 'जावा' पूर्ण नाहीशी झालेली आणि 'कोर्टेनार'चा मोठा भाग गायब. समुद्राच्या तळावर फक्त जहाजाच्या आकाराचे खळगे राहिले होते. क्रेनला लोखंडी पंजा लावून कुणीतरी जहाजं ओरबाडून नेली होती. 2023 साली मलेशियाने एक चिनी जहाज अडवलं, त्यावर तोफगोळे आणि गंजलेलं लोखंड सापडलं. 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' यांच्या थडग्यातूनच ते उपसल्याचा संशय.

या लुटीबद्दल बोलताना बरेच जण सांगतात की किरणोत्साराने न बाटलेल्या पोलादाला सोन्याचा भाव असतो, म्हणून हे होतं. मला हे पटत नाही. पंजाने फाडलेलं, इतर मालात मिसळून भट्टीत गेलेलं पोलाद कुठल्याच प्रयोगशाळेच्या कामाचं नाही. जहाजाच्या पंख्यांचं, म्हणजे प्रोपेलरचं ब्रॉन्झ, तांबं आणि टनाच्या भावाचं लोखंड एवढ्यावरच हा धंदा चालतो. शिवाय त्या जुन्या पोलादाची गरजही आता खूप कमी झाली आहे. अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने 1963 साली उघड्या हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार केला. हवेतलं प्रमाण त्याच सुमाराला सर्वांत जास्त होतं, मग ते उतरत गेलं. फ्रान्स 1974 ला थांबला, चीन 1980 ला. कोबाल्ट निम्मा-निम्मा होत जवळपास संपला. आजचं नवं पोलाद बहुतेक यंत्रांना चालतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतली सर्वांत चांगली बातमी ही आहे. माणसांनी हात आवरला आणि हवा सावरली, तीही माझ्या वडिलांच्या हयातीत.

हवा सावरली तरी भंगाराचं तसं नाही. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं, आणि बटणांचं पोलाद आपल्या देशातून गेलेलं होतं. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावातून भंगारवाल्यांकडे आलं. आत कोबाल्ट होतं, आणि ते हाताळणारा एक माणूस जिवाला मुकला. तेव्हा बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामावर होते. ती बातमी आली त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. आयुष्यभर ज्या धातूला नुसत्या हातांनी चाचपून पारखलं, त्यात वास नसलेलं, चटका न देणारं काही असू शकतं, हे त्यांना फार लागलं होतं. आता मोठ्या भट्ट्यांच्या दारात किरणोत्सार मोजणारी यंत्रं असतात. दारूखान्यातल्या त्यांच्या जोडीदारांच्या वाट्याला हातमोजेसुद्धा धड नव्हते.

जिथे बाबांचा नियम अडखळतो अशी एक जागा मला सापडली. इटलीच्या सार्डिनिया बेटाजवळ 1988 साली एक रोमन मालवाहू जहाज सापडलं, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातलं. त्यात शिशाच्या हजारभर लगडी, एकेक 33 किलोच्या आसपास. शिशाच्या खनिजात युरेनियमचा अंश असतो. धातू गाळताना युरेनियम निघून जातं, पण किरणोत्सारी शिसे-210 मागे राहतं. त्याचं अर्धायुष्य 22 वर्षं. दोन हजार वर्षं म्हणजे नव्वद अर्धायुष्यं, आणि नव्वद वेळा निम्मं केल्यावर काही उरत नाही. इटलीच्या अणुभौतिकी संस्थेने उत्खननाला पैसे दिले आणि काही लगडी घेतल्या. 2010 साली त्यांतल्या 120 लगडी ग्रान सासो डोंगराखाली, 1400 मीटर खडकाच्या आत चाललेल्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या प्रयोगासाठी वितळवायला गेल्या. लगडींवर बनवणाऱ्यांची नावं उठवलेली होती. तो भाग आधी कापून जपून ठेवला. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांत यावर वाद झाला आणि तो योग्यच होता.

बाबांनी ही गोष्ट ऐकून बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "नावं ठेवली ना कापून? मग चालेल." मला वाटतं, मी त्यांच्यापेक्षा जास्त अडून बसले असते.

आणि मग विक्रांत. आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचा सांगाडा ब्रिटनमध्ये 'हर्क्युलीस' नावाने ऑक्टोबर 1943 मध्ये घातला गेला आणि 22 सप्टेंबर 1945 ला ती पाण्यात उतरली, न्यू मेक्सिकोच्या स्फोटानंतर 68 दिवसांनी. म्हणजे तिच्या तळाचं आणि कुशींचं बहुतेक पोलाद त्या स्फोटाच्या आधीच्या हवेत तयार झालेलं असणार. 1961 ला ती आपल्या आरमारात आली, 1971 च्या युद्धात लढली, 1997 ला निवृत्त झाली, आणि 2014 साली दारूखान्यात कापायला आली. बाबा तेव्हा घरी बसले होते. तरी एका सकाळी ट्रेनने रे रोडला गेले आणि लांबून बघून आले. आईने विचारलं, कशी होती. "आपल्या पायाने आली," एवढंच बोलले आणि अंघोळीला गेले. पुढे तिच्या धातूतला काही भाग बजाजच्या मोटरसायकलींत गेला. आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये तशी एक उभी असते. जाताना मी तिच्या टाकीला हात लावते.

ओट्याखालचा तुकडा कुठल्यातरी प्रयोगशाळेला द्यावा असं एकदा माझ्या मनात आलं होतं. आठ किलोचं त्यांना काय होणार, शिवाय आई नारळ कशावर फोडणार.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघं भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलो. बाबा बरीच वर्षं रस्त्यानेच जात होते. लाँच सुटली तशी डावीकडे खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बेचा डोंगर दिसत राहिला, आणि पायथ्याशी सायरस अणुभट्टीचा घुमट. 1960 ला सुरू झाली, 2010 च्या अखेरीस बंद झाली. घुमट अजून पांढराच दिसतो. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उजव्या कठड्याला धरून उभे होते आणि लाँचवाल्याला दोनदा विचारून आले होते, काशाचा खडक आला की सांग.

त्याने हाक मारली तेव्हा बाबांनी चपला काढून बाकाखाली सरकवल्या. आईने पिशवीतून नारळ काढला. घरून निघताना तो तिने हळदकुंकू लावून घेतला होता, फोडायचा नव्हता. बाबांनी वाकून तो हळूच पाण्यात सोडला, हातातून सांडेल इतक्या जवळून. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने काही न विचारता टोपी काढली.

नारळ थोडा वेळ लाँचच्या मागच्या फेसात वरखाली होत राहिला. बाबांनी चपला घातल्या, आणि रेवस कुठवर आलं ते बघायला पुढे गेले.